बाबा खाडीपर्यंत गेले

मंगळवार, संध्याकाळ. कोपरी.

हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलं आहे. माझ्याबरोबर ते कोपऱ्यावरूनच परततात. मी सारखा विचारतो, दम लागला का, म्हणून असेल?

आज इमारतीतल्या मंडळींबरोबर खाडीपर्यंत गेले. मी मागे होतो. बाबांना धाप लागली, तसे शेजारचे सावंतकाका बुटाची नाडी बांधायला वाकले. सगळे थांबले. नाडी सुटलेली नव्हती, मी नीट पाहिलं.

शेवटी बाबाच म्हणाले, "आटपा सावंत, किती नटताय?"

काका मला म्हणाले, "तू उद्या घरी थांब रे. तुझं तोंड बघून धडधाकट माणूस आजारी पडेल."

बाबा हसले.

नाडीचं मला का सुचलं नाही?

उद्या जायचं नाही. खिडकीतही उभं राहायचं नाही. त्यांनी वर पाहिलं, तर आजारपण आठवेल.