खालच्या बांधावरची माती

आई, परवा पाटी घेऊन खालच्या बांधावर गेलो आणि रिकामी पाटी घेऊन परत आलो. तुला खरं वाटणार नाही. वैशाख आला की तू रानाच्या खालच्या टोकाला वाहून साठलेली माती खोऱ्याने ओढायचीस, पाटीत भरायचीस आणि डोक्यावर चुंबळ ठेवून चढ चढायचीस. जामखेडकडचं आपलं हे उताराचं रान, वीतभर मातीखाली मुरूम. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया उन्हाळ्यात माती वर नेतात.

एक दिवस मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. तू तापाने पडली आहेस आणि कांद्याला पाणी द्यायला मी एकटाच आहे. पाणी बारीक सोड, असं तू दोनदा बजावलं आहेस. दुपारी तू काठी टेकत येतेस, तेव्हा वरपासून खालपर्यंत वाफे फुटलेले आहेत आणि कांद्याची रोपं गाळासकट बांधाला लागली आहेत. उंदराचं बीळ होतं, मी म्हणालो. तू ओरडली नाहीस. "पानी पळालं की माती बी पळती," एवढंच म्हणालीस. "आन ती काय चालत माघारी येत न्हाई." मग अंगात ताप असताना तीच माती तू वर नेलीस. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

आता सगळ्या रानाला ठिबक केलं आहे. नळ्या उताराला आडव्या टाकल्या आणि पावसाळ्यासाठी मधे मधे गवताचे पट्टे राखले. पहिल्या दिवशी मोटर चालू केली तर पाण्याचा आवाजच नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, रानाला चमच्यानं औषध पाजतोस का? माझाही विश्वास नव्हता. चार वेळा जाऊन बोटाने उकरून पाहिलं. ओल मुळाशी होती आणि माती जागची हलली नव्हती. पाऊसकाळही तसाच गेला. परवा बांधावर खोरं ओढायला काही नव्हतंच, तेवढ्यात खालच्या रानाचे अण्णा आले. आपली निम्मी माती फुकट त्यांच्याकडे जायची, ठाऊक आहे ना तुला. ते तोंड पाडून म्हणाले, "औंदा तुमची माती आलीच न्हाई की." मी खूप हसलो. मग पाटी पालथी घालून तिच्यावरच बसलो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

हे पत्र पाठवायचं कुठे? घडी करून त्याच पाटीत ठेवतो, आता तिला दुसरं काम नाही. एक तेवढं सांगायचं राहिलंय. बीळ नव्हतं, आई. जत्रेतल्या कुस्त्या चुकतील म्हणून मी पाण्याचा वॉल पुरता उघडला होता. नंतर आठवडाभर तू रानात उंदराची बिळं शोधत होतीस आणि तू दाखवशील तिथे मी दगड ठोकत होतो.