तुमच्या बंधुराजांचे ब्रेक

तीर्थस्वरूप वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना चढू नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम गच्चीवर जाता, हे मला इथे बसून दिसतं, तेव्हा खोटं सांगू नका. माझी कंबर ठीक. तुमच्या बंधुराजांची तब्येत उत्तम, डोकं मात्र ब्रेकमध्ये अडकलंय.

त्याचं असं झालं. चिरंजीव नोकरीसाठी परगावी जाताना आपली ती वाकड्या हँडलची, काटकुळ्या चाकांची सायकल इथेच ठेवून गेले. निवृत्तीनंतर हे तिच्यावर बसायला लागले, आणि तुमच्याकडे यायला निघाले असताना मधल्या उतारावर पडले. (तुम्हाला 'न्हाणीघरात घसरले' असं कळवलं होतं. मजकूर त्यांचाच.) हात जुळला, भीती तेवढी राहिली. पण भीती वाटते असं तुमचा भाऊ म्हणेल का? दोष ब्रेकच्या रबरांचा, असा निकाल दिला. रबरं झिजली होती हे खरंच, पण नवी काही ठरेनात. मऊ घ्यावीत तर लवकर झिजतात, कडक घ्यावीत तर ओल्यात धरत नाहीत, कार्बनच्या चाकाची निराळी, अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाची निराळी. आमचं चाक अ‍ॅल्युमिनियमचं. एवढं ठरेपर्यंत दुकानदाराने यांना बघून जेवायला जायची सवय लावून घेतली.

शेवटी काळी, लाल, हिरवी असे सगळेच जोड घरी आले. आणि वन्सं, परीक्षा कशावर घेतली असेल? माझ्या दुधाच्या पातेल्यावर! चाकही अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलंही अ‍ॅल्युमिनियमचं, असं त्यांचं शास्त्र. यांनी पातेलं फिरवायचं आणि मी रबर दाबून धरायचं. आधी कोरडं, मग पाणी मारून. लाल किंचाळलं, हिरव्याने पातेल्याला काळं फासलं. काळं मात्र गपचूप धरून बसलं, ते मला आवडलं. ज्याच्या भरवशावर राहायचं ते फार बोलणारं नसावं, असं मी म्हटलं. त्यावर यांनी काळा जोड उचलला आणि बसवायला घेतला.

बसवताना सायकल उलटी केली आणि तिथेच घोळ झाला. रबर एका खाचेत सरकवतात, त्या खाचेचं उघडं तोंड मागे हवं. सायकल पालथी, हे गोंधळलेले, तोंडं झाली पुढे. गल्लीत ब्रेक दाबल्याबरोबर रबरं सुटून पुढे पळाली आणि त्यांच्या पाठोपाठ हे शेजाऱ्यांच्या कुंपणात. लागलं काही नाही. पानं झटकत उठले आणि खो खो हसत सुटले. त्या पडण्यानंतर पहिल्यांदा असे हसले हो! मला मात्र रडू आलं, मी पातेलं घासायला आत गेले.

आता रबरं नीट बसली आहेत. तरी स्वारी गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि परत येते. उताराचं नाव काढलं की 'रबर अजून रुळायचंय' म्हणतात. रुळायचं कुणाला आहे ते मला ठाऊक आहे. तुमची आठवण रोज काढतात, वन्सं.

तुमची,
धाकटी

ता. क. सोबत गुडघ्याला बांधायचा पट्टा शिवून पाठवते आहे. घट्ट झाला तर उसवून देईन, पण वापरा.

ता. ता. क. हे पार्सल टपालाने येणार नाही. 'वन्संचा गुडघा फार दुखतोय, पट्टा आजच पोचायला हवा' असं सांगून यांच्याच पाठीवर बांधणार आहे. स्वतःसाठी हा माणूस उतार उतरणार नाही, तुमच्यासाठी उतरेल. तेव्हा तुम्ही हे वाचताय म्हणजे ब्रेक लागले. जरा लंगडून दाखवा, आणि पडल्याचं काही विचारू नका. पण आधी मला फोन करा. हे निघाले की मी फोनपाशीच बसणार आहे, दुसरं काही सुचायचं नाही मला.