वाघाचा मुखवटा

नाशिक, मार्च २००४

मंगळूमामा,

तीर्थरूप लिहायला हात वळत नाही.

बोहाड्याला हरसूलला ये, असा तुमचा निरोप मिळाला. मी येणार नाही.

दरवर्षी बोहाड्याच्या सोंगांत तुम्ही वाघाचा मुखवटा चढवून नाचता आणि वाघदेव अंगात आला म्हणून बायका तुमच्या पाया पडतात. म्हणूनच घरात फक्त तुम्हाला सांगितलं होतं की मी पुरती माणूस नाही, कळायला लागल्यापासून माझ्यात बिबट्याची मादी आहे. गंगापूर रोडच्या सायबर कॅफेत मला इंटरनेटवर जगभरातले असे लोक भेटले होते. कुणी स्वतःला लांडगा समजायचं, कुणी घार. नोकरी-संसार करणारी साधी माणसं होती ती.

"बरं झालं बोललीस पोरी. आता घाबरायचं नाय," तुम्ही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी भगताला घेऊन आलात.

मिरच्यांची धुरी देताना माझं डोकं तुम्हीच दाबून धरलं होतं. "बोल, कोण हाय तू?" भगत विचारायचा. मी खरं सांगितलं की तो निखाऱ्यावर आणखी मिरच्या टाकायचा. दारात आई रडत होती. शेवटी तिच्याकडे बघून मी ओरडले, "माणूस! माणूस आहे मी!"

तुम्ही गावभर गूळ वाटलात. मामानं वाचवलं तुला, असं आई अजून फोनवर म्हणते. मी हो म्हणते.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. वाचलंत तर पुन्हा भगताला आणाल, आणि आई पुन्हा दारात रडेल.

तुम्ही बरी केलेली,
मोहिनी