नानांच्या जाकिटाचं बटण

सावदा. बुधवार, संध्याकाळ.

हार्ट अटॅक आल्यापासून नाना डॉक्टरांनी दिलेलं ते जाकीट अंगात घालतात. हृदयाची लय बिघडली की ते आधी वाजतं. शुद्धीत असलेल्या रुग्णाने स्वतः बटण दाबून शॉक थांबवायचा. न दाबल्यास तो बेशुद्ध आहे असं धरून, हृदय ताळ्यावर आणायला जाकीट शॉक देतं.

आज नाना जेवून आडवे झाले आणि ते वाजलं. बटण आईने दाबलं.

"आत्ताच डोळा लागला व्हता त्यांचा. मोडू का झोप?"

मी ओरडलो. नाना खरंच बेशुद्ध असते तर? तिच्या एका अंगठ्याने शॉक अडला असता.

नाना जागे होऊन हसले. "माह्या फोनवरही हीच बोलते. जाकीट त काय!"

तिचा तो अंगठा डोळ्यांपुढून जात नाही. पण चूक कुणाची? डॉक्टर समजावत होते तेव्हा ती बाहेर डबा घेऊन बसली होती. तिला आत बोलवायचं मला सुचलंच नाही.

आता सगळं नीट सांगितलं.

"म्हणजे वाजलं की मी नुसतं पाहत बसू? हातही लावायचा नाही?"

"नाही."

तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.