खोबरेल तेलाची पर्स

आई, तुझी पर्स माझ्यापुढं टेबलावर आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण बंद अजून तुटलेला नाही. आबांनी कानपूरला पोस्टिंग असताना आणली तेव्हा ती तांबूस होती, शेंगदाण्याच्या सालीसारखी. काळी तू केलीस, दर रविवारी खोबरेल तेल चोपडून चोपडून.

मी आता सांगलीत असते. कुपवाडला बॅगांच्या कारखान्यात शिलाईवर उभी हयात काढली, आणि आता घराच्या पुढच्या खोलीत लोकांच्या जुन्या चामडी पर्सा दुरुस्त करून देते. उसवलेली शिवण, गंजलेली चेन, पावसाळ्यातली बुरशी, सगळं येतं. पण सगळ्यांत जास्त येतात त्या तेल पाजलेल्या. परवाच एक मुलगी आजीची पर्स घेऊन आली. हात लावला तर चिकट. "हे काय केलंस गं?" म्हटलं, तर म्हणाली, "आवं काकू, चांगलं डोक्याचं तेल लावलंय." मग काय, मी तिला फैलावरच घेतलं. तेलानं चामडं काळं पडतं, धूळ धरतं, शिवण सैल होते, खवट वास सुटतो. ती बिचारी खाली मान घालून ऐकत राहिली. ती गेल्यावर मला हसू आलं, कारण हे सगळं मी तुलाच बोलत होते.

मेढ्याच्या घराचा सोपा. रविवारची सकाळ. वाटीत कोमट तेल, मी तुझ्या गुडघ्यांत अडकलेली आणि तू करकचून वेण्या घालतेयस. "मान सरळ धर," म्हणून टप्पल. वेण्या झाल्या की हात न पुसता तू उठतेस आणि खुंटीवरची पर्स काढतेस. चामडं देव्हाऱ्याजवळ नको, म्हणून ती आतल्या घरात कधी आलीच नाही. सोप्यातच आबांच्या मिलिटरी कोटाशेजारी लटकायची. "पर्सला कशाला गं तेल?" मी विचारते. "कातडीच हाय की ती. केस कोरडं पडलं की तुटत्यात, तशी हीबी तुटंल. तुजा बा येईस्तवर टिकाय नगो व्हय?" आणि बोटांना उरलेलं तेल तू तिला असं चोळतेस की मला तिचा हेवाच वाटतो. आबा सुट्टीवर आले की मुद्दाम विचारायचे, "ही कुणाची गं? म्या तर तांबडी आणलीवती." तू पदर खोचत म्हणायचीस, "आवं, तुमचीच हाय. वाट बघून काळवंडली, माज्यावानी."

साताऱ्याला लग्नाकार्याला निघालो की ती खुंटीवरून उतरायची. तुझे दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले, म्हणून स्टँडवरच्या गर्दीत मला तुझा हात मिळायचा नाही, पर्सचा कोपरा मिळायचा. "धर त्येला, सोडू नगं." तो कोपरा अजून झिजलेला आहे.

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा मेढ्याहून फोन आला. "आक्के, माळ्यावर ट्रंकेत आईची पर्स घावली. लय काळी पडलीया. टाकून देऊ?" मी ओरडलेच, "हात लावू नगं रं तिला!" पर्स आली, आणि मला हुरूप चढला. म्हटलं, इतक्या परक्यांच्या पर्सा केल्या, आता आपल्या आईची बघ कशी करते. आधी मागच्या बाजूला खडूची पूड थापली, ती तेल ओढून घेते. रोज झटकायची, रोज नवी थापायची. आठवडाभरानं खालून तो तांबूस रंग वर आला, आबांनी आणलेला. मी लहान पोरीसारखी खूश झाले आणि सवयीनं पर्स नाकाशी नेली. नुसता खडू. आई, तू तिथं नव्हतीस.

तू गेलीस तेव्हा तुझी लुगडी बायकांत वाटली, अंथरूण टाकून दिलं. भिंतीवर फोटो आहे, पण तो साताऱ्याच्या फोटोवाल्यानं इतका रंगवलाय की ती बाई मला जरा परकीच वाटते. मी घाईघाईनं पर्स उलटी केली. पुढची बाजू तशीच काळी होती, आणि तिला वास होता. खोबरेलाचा, थोडा खवट, आणि त्याच्या आत तू. इतक्या वर्षांनी मी तुझ्यासाठी रडले, तेही हातात ब्रश घेऊन. माझ्या हुशारीनं मी अर्धी आई पुसून टाकली होती.

आता लेक रोज टोकते, "आई, अर्धीच का ठेवलीस? गिऱ्हाइकाला देशील का अशी?" मी म्हणते, वेळ नाही. वेळ आहे गं, आई. पूडही आहे, डबा भरून.

हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. तू वाचून दाखवायला शेजारणीला बोलावलं असतंस आणि गावभर झालं असतं. आणि हे गावभर व्हायला नको, कारण काल रविवार होता. मी डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, आणि हात न पुसताच पर्स मांडीवर घेतली. दोन्ही बाजूंना चोळलं. आजीची पर्स घेऊन आलेल्या त्या मुलीला कळता कामा नये.