कागदी होडीतली बाई

बाबांना आणि आईला चुनयानचा दुरूनच, पण डोकं टेकवून नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहितेय. ल्यानश्यांग वहिनी वाचून दाखवेल. मी बरी आहे. इथे शहरात थंडी नाही, जेवण पोटभर मिळतं, फक्त आईच्या हातच्या शेवया नाहीत. शेळी व्याली का?

नववर्षाला माझं येणं होत नाही. कमरेला कागदी होडी बांधून नाचायला मी नाही, म्हणून तुम्ही तुमच्या नावाड्याच्या सोंगाचं वल्हं माळ्यावर टाकलंत म्हणे. होडी नाही तर सोंगांची मिरवणूक कसली? निम्मं गाव आधीच शहरात गेलंय.

होडीसाठी कुणी वहिनीचं नाव काढलं तर म्हणालात, "ती? बदकासारखी चालते!" वहिनी, हे गाळू नकोस, मोठ्याने वाच.

बाबा, गेल्या वर्षी मिरवणुकीच्या शेवटच्या दिवशी माझा गुडघा धरला होता. होडीत, तोंडावरच्या मण्यांच्या झालरीआड, माझ्या कपड्यांत, वहिनी होती. तुम्ही दिवसभर तिच्यापुढे वल्हं मारत होतात. संध्याकाळी मला म्हणालात, "पोरी, आज होडी खरंच पाण्यावर होती." मी खरं सांगितलं नाही. चुकलंच माझं.

गुडघ्याला आता नाच झेपणार नाही. शिलाईचं मशीन मात्र चालवता येतं, तेव्हा आईला काळजी करू देऊ नका.

वहिनी इथे वाचायची थांबली असेल. ते कौतुक तिचं होतं, बाबा. आता तिलाच सांगा.

तुमच्या पायांशी,
चुनयान