हत्तींचं मराठी निवेदन

१२ जानेवारी, रविवार. सकाळ.
दीपमाला पिंपरीला मोनालीकडे जाऊन आज अकरा आठवडे झाले. लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने, असं ठरलं होतं. माझी तक्रार नाही. उलट बरंच आहे. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा रिमोट पूर्णपणे माझ्या ताब्यात.
आजपासून रोज फिरायला जाणे. भाकरी स्वतः थापणे. टीव्ही एक तास, जास्त बिलकुल नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
टीव्ही पाच तास. पण हत्ती होते, सिरियल नव्हती. अभ्यास तासांत मोजत नसतात.
भाकरी तुटली. पीठ जुनं आहे.

१५ जानेवारी
हत्तींमध्ये कळप बायकांचा असतो. म्हातारी हत्तीण पुढे, लेकी-नातवंडं मागे. मोठा नर एकटा हिंडतो. त्याला तेच आवडतं. टीव्हीवाला तसं म्हणाला नाही, पण चालण्यावरून कळतं. रुबाब असतो.
फिरायला गेलो नाही. थंडी.

१९ जानेवारी, रविवार
शेजारचे संघपाल मास्तर आले. जयभीम झाला, चहा झाला, मग त्यांना हत्ती दाखवले. दहा मिनिटांनी म्हणाले, "संपतराव, बातम्या लावता का जरा?" लावल्या नाहीत. माणसाला मुळात गोडी पाहिजे.
जाता जाता टीव्हीवरच्या निवेदकाबद्दल एक मात्र खरं बोलले. "ह्यो हिंदीवाला झोपेत बोलून राह्यला काय?"
त्यावरून मोठी कल्पना सुचली. जाफराबाद बसस्थानकावर मी एकोणतीस वर्षं माईकवर गाड्या पुकारल्या. माझ्या आवाजानं बाकड्यावर घोरणारा प्रवासी ताडकन उठायचा. तर टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि हत्तींचं मराठी निवेदन मी करायचं. मोबाईलवर रेकॉर्ड करून चॅनलला पाठवायचं. महिन्याभरात बोलावणं येईल.

२२ जानेवारी. दुपारी ४.
पहिलं रेकॉर्डिंग. "कृपया इकडे लक्ष द्या. हत्तींचा कळप पाणवठ्याकडे निघण्याच्या तयारीत आहे." उत्तम. मध्येच कुकरची शिट्टी. जंगलात कुकर कुठला, म्हणून परत केलं. दुसऱ्या वेळेस कळप भोकरदनमार्गे गेला. सवय जाईल हळूहळू.
दीपमालाला व्हॉट्सअपवर पाठवलं. चॅनलचा पत्ता मिळेपर्यंत कुणीतरी ऐकणारं हवं, एवढंच.

२३ जानेवारी
उत्तर आलं का ते नऊ वेळा पाहिलं. मोबाईल नीट चालतो की नाही ते कळावं म्हणून.
संध्याकाळी मीच फोन केला. ऐकलं का, विचारलं. म्हणाली, "हो, चांगलं हाये." कुठपर्यंत? "समदंच की." मग पिल्लू चिखलात अडकलं तिथं काय वाटलं? म्हणाली, "कोणाचं पिल्लू?" तेवढ्यात मागे बाळ रडलं आणि फोन बंद.
तिकडे रेंज खराब दिसते.

२ फेब्रुवारी, रविवार
सात रेकॉर्डिंग झाली. सातही वेळा दीपमालाचा अंगठा आला. चॅनलचा पत्ता अजून शोधलेला नाही. आधी काम पक्कं व्हावं, घाई नको.
आज जाहिराती लागल्या तरी मी बोलतच होतो. साबणावर दोन मिनिटं निवेदन झालं. दिवसातला पहिला शब्द दुपारी चारलाच तोंडातून निघतो, त्यामुळे आवाज मोकळा सुटतो. निवेदकाला हे फायद्याचं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार
आजचा भाग फार चांगला. हत्ती लांब लांबून एकमेकांना हाका मारतात. आवाज इतका खोल की माणसाला ऐकूच येत नाही. पण कित्येक किलोमीटरवरच्या हत्तिणी कान पसरून थांबतात.
रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं झालं. नवव्या मिनिटाला पडद्यावर एकटा नर झाडाखाली उभा होता. ओघात बोलून गेलो. "ह्या हत्तीला एकटं राहणं आवडतं, असं तो सगळ्यांना सांगत आला. पण आज सकाळी त्यानं दोघांचा चहा टाकला. कळपानं आता परत यावं, अशी त्याची विनंती आहे. उशीर झाला तरी चालेल. तो थांबलेला आहे."
परत ऐकलं. हत्ती चहा पीत नाही, ही शास्त्रीय चूक. मधलं कापता येत नाही. पाठवून दिलं.

१० फेब्रुवारी
सकाळी उत्तर नाही. दुपारी नाही. हत्ती पाहिले नाहीत. दीपमालाच्या साड्यांना ऊन दाखवलं, गादीलाही दाखवलं. ती येणार म्हणून नाही, ऊन चांगलं होतं.
संध्याकाळी ६. अंगठा!
म्हणजे होकार.

११ फेब्रुवारी
घर झाडलं. शेपूच्या दोन जुड्या आणल्या. तिला आवडतो, मला वास सहन होत नाही. संघपाल मास्तरांना सांगितलं, रविवारपर्यंत कळप येतो. म्हणाले, "कोणता कळप?"

१४ फेब्रुवारी
शेपू पिवळा पडला.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळ.
मोनालीचा व्हिडिओ कॉल. खुशीत होती. "बाबा, तुमच्या हत्तींनी कमाल केली!" मला वाटलं, हिनं परस्पर चॅनलला पाठवलं. म्हणाली, "बाळ तास तास रडतं, पण तुमचा आवाज लावला की तिसऱ्या मिनिटाला ढाराढूर. आई तर त्याच्याही आधी झोपते."
ते अकरा मिनिटांचं ऐकलं का, विचारलं.
"ते तर सगळ्यात भारी! पाचव्या मिनिटाच्या पुढं अजून कुणी गेलंच नाही." आणि हसली. तिची बाळंतपणाची सुट्टी मेमध्ये संपते, मग बाळाजवळ आईच, वर्षभर तरी, हेही बोलण्याच्या भरात सांगून टाकलं. मी म्हणालो, बराबर आहे.
मग दीपमाला पडद्यावर आली. वाळली आहे, की तिकडचा उजेडच तसा. "जेवले का? अहो, ते हत्तीचं आणखी पाठवा. हे पुरून न्हाई राह्यलं. जरा लांबलचक करा."
करतो म्हणालो.
ती फोन ठेवेना. "आणखी काही बोलायचं हाये का?"
नाही म्हणालो.

दुपारी ४.
टीव्ही लावला, आवाज बंद केला. अठ्ठावीस मिनिटं बोललो. हळू आवाजात, बाळ उठू नये म्हणून.